अळ्या धुऊन टाकण्याआधी

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

मागणी आधी सांगतो, कारणं मागाहून. राज्यात जिथे कुठे कुजलेल्या अवस्थेतला मृतदेह सापडेल, तिथे त्याच्या अंगावरची आणि आजूबाजूच्या मातीतली माश्यांची अंडी, अळ्या आणि कोष अल्कोहोलमध्ये जतन करणं सक्तीचं करा. प्रकरण अजून नुसतं ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदलेलं असलं तरीही करा. आणि त्या अळ्यांची जात डीएनएवरून ओळखणारी एक शाखा राज्याच्या प्रयोगशाळेत उभी करा.

मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझं काम माश्यांवर आहे. उघड्यावर जनावर मेलं की बघता बघता कुठून तरी हजर होणाऱ्या हिरव्या-निळ्या, धातूसारख्या चमकणाऱ्या माश्या तुम्ही पाहिल्या असतील. माणसाच्या मृतदेहावरही त्याच येतात. नाक, तोंड, डोळ्यांच्या कडा, जखमा अशा ओलसर जागा शोधून तिथे अंडी घालतात. तिथून पुढे त्या अंड्यांची जी वाढ होते, ती मृत्यूनंतर किती काळ गेला याची नोंदच असते. ही नोंद शवागृहातल्या नळाखाली वाहून जाते, म्हणून हे पत्र.

शरीराचं तापमान, ताठरपणा, खालच्या बाजूला साकळलेलं रक्त यांवरून डॉक्टर मृत्यूची वेळ सांगू शकतात ती पहिल्या दिवसापुरती, फार तर दोन दिवसांपुरती. मे महिन्यातल्या विदर्भात किंवा पावसाळ्यातल्या कोकणात तेवढीही सवड मिळत नाही. देह फुगतो, कातडी सुटते, आणि मग ‘मृत्यू दोन ते पाच दिवसांपूर्वी’ असं मोघम लिहावं लागतं. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, त्यांच्या हाती तेवढंच असतं. पण त्या तीन दिवसांच्या फटीतून खरा गुन्हेगार निसटू शकतो, आणि त्यातल्या एखाद्याच रात्री गावात असलेला निरपराध माणूस आत ओढला जाऊ शकतो.

हे कल्पनेतलं भय नाही. लास वेगासमध्ये २००१ च्या जुलैत कचऱ्याच्या जागी सापडलेल्या एका मृतदेहाच्या खटल्यात एका तरुणीला दोनदा दोषी ठरवलं गेलं. २०१७ मध्ये कीटकतज्ज्ञांनी न्यायालयाचं लक्ष एकाच गोष्टीकडे वेधलं: त्या देहावर माशीचं एकही अंडं नव्हतं. वाळवंटी उन्हाळ्यात तो देह दिवसाउजेडी तिथे पडून असता, तर असं होणं अशक्यप्राय होतं. म्हणजे मृत्यू सूर्यास्तानंतरचा. त्या वेळी ती तरुणी सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या आपल्या गावी होती. २०१८ च्या जानेवारीत ती तुरुंगातून बाहेर आली. तिथे अंडी नव्हती हे सांगता आलं, कारण मृतदेहाची छायाचित्रं आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या.

आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना अळ्यांवरून काळ काढायला शिकवतात ते असं: ८ ते २४ तासांत अंडी फुटतात, ४-५ दिवसांत अळीचा कोष होतो, आणखी ४-५ दिवसांत कोषातून माशी बाहेर पडते. या गणितात माशी कोणती आणि ऊन किती हे दोन्ही प्रश्न गाळलेले आहेत, आणि उत्तर तर त्या दोन प्रश्नांवरच अवलंबून आहे. क्रायसोमाया मेगासेफाला ही आपल्याकडे सर्रास आढळणारी, मोठ्या तांबड्या डोळ्यांची माशी. २७ अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला तिला साधारण १० दिवस लागतात. ल्युसिलिया सेरिकाटा ही हिरवी माशी तेवढ्याच उष्णतेत सुमारे दोन आठवडे घेते. दोघींच्या कोवळ्या अळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना दोन सारखेच पांढरे किडे दिसतील. जात चुकली की दिवस चुकले.

गुंता इथेच संपत नाही. क्रायसोमाया रुफिफेसिस नावाची आणखी एक माशी आपल्याकडे भरपूर आहे. तिच्या अळीच्या अंगावर मांसल काटे असतात, म्हणून ती केसाळ दिसते. ही माशी सहसा पहिल्या फळीत येत नाही. मागाहून येते, आणि तिच्या अळ्या मृतदेहाबरोबरच आधी आलेल्या माश्यांच्या अळ्याही खातात. शवविच्छेदनाच्या टेबलावर हिच्याच अळ्या उरल्या असतील आणि त्यांनाच कुणी सर्वांत आधीच्या मानलं, तर मृत्यू खरा झाला त्याहून अलीकडचा ठरेल. मोठी झालेली केसाळ अळी एकदा दाखवली की हवालदारही ओळखेल. पण नुकत्या फुटलेल्या अळीवर ते काटे नसतात. मांसमाश्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्या अंडी न घालता थेट जिवंत अळ्या टाकतात, म्हणजे वाढीचा हिशेबच वेगळ्या ठिकाणापासून सुरू होतो. त्यांच्या जाती ओळखायच्या त्या नराच्या जननेंद्रियांच्या बारकाव्यावरून. हाती अळी किंवा मादी असेल, तर भल्या भल्या जाणकारांचं तिथे अडतं.

मग आजवर काय करत? जिवंत अळ्या घेऊन, त्यांना काळीज खाऊ घालून, माशी बाहेर पडेपर्यंत वाढवायचं आणि मग त्या माशीची जात ओळखायची. ओळखण्यासाठी आम्ही भारतात अजूनही १९४० साली निघालेला ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला खंड उघडतो. ग्रंथ अप्रतिम आहे, पण तो मुख्यतः पूर्ण वाढलेल्या माश्यांसाठी. शिवाय या पद्धतीला अळी जिवंत हवी, ती त्याच दिवशी हवी आणि जवळपास कुणीतरी जाणकार हवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या तिन्ही गोष्टी एकत्र येणं जवळजवळ अशक्य.

१९९४ साली कॅनडातल्या फेलिक्स स्पर्लिंग, गेल अँडरसन आणि डोनल हिकी या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. मृतदेहांवर येणाऱ्या तीन जातींच्या माश्या त्यांनी मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून वेगळ्या करून दाखवल्या. डीएनए अंड्यात, अळीत, कोषात आणि माशीत एकच असतो, म्हणून वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. एका पेशीत मायटोकाँड्रियाच्या प्रती पुष्कळ असतात, म्हणून माशीचा एखादा पायही पुरतो. पुढे २००३ मध्ये ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी सीओआय या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा सर्व प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा असं सुचवलं, आणि माश्यांच्या बाबतीत ते काम झपाट्याने पुढे गेलं. प्रयोगशाळेत हे अवघड राहिलेलं नाही. अळीच्या तोंडाचे आकडे आणि मागची श्वसनरंध्रं शाबूत ठेवून मधला तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, हव्या त्या भागाच्या प्रती करायच्या, अक्षरक्रम वाचायचा आणि खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहायचा. माणसांच्या डीएनएचं काम आपल्या प्रयोगशाळा रोज करतात. त्यांच्या हातांना यातलं काहीही नवखं नाही.

डीएनएमुळे वेग वाढतो हे सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती सवड. अळी आज मेली तरी चालते. ती कुपीत नीट ठेवली, तर जात सहा महिन्यांनीही कळते. आपल्या तपासाला नेमकी हीच सवड लागते, आणि त्याचं कारण कायद्यात आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. तरतूद उत्तमच आहे. पण ती ‘गुन्हा’ झाल्याची खबर मिळाल्यावर लागू होते. शेताच्या बांधावर, विहिरीत, बंद खोलीत, रेल्वेमार्गाच्या कडेला कुजलेला देह सापडतो तेव्हा पोलीस ठाण्यात बहुधा अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि कलम १९४ प्रमाणे चौकशी सुरू होते. तिथे तज्ज्ञाला बोलावण्याची सक्ती नाही. मरणोत्तर पंचनामा होतो, देह शवविच्छेदनाला जातो, धुतला जातो, नातेवाईक असतील तर त्यांच्या ताब्यात दिला जातो, नसतील तर बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागते. आठवड्यांनी रासायनिक विश्लेषकाचा म्हणजे सी.ए. रिपोर्ट येतो, किंवा गावातलं कुणीतरी तोंड उघडतं, आणि कलम खुनाचं होतं. तोवर अळ्यांच्या माश्या होऊन उडून गेलेल्या असतात. ज्या प्रकरणांत मृत्यूची वेळ सर्वांत अंधुक, त्याच प्रकरणांत ती सांगू शकणारा पुरावा राखून ठेवायला आज कुणी बांधील नाही. माझी तळमळ आहे ती या फटीसाठी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात मत द्यावं म्हणून माझ्याकडे एक बरणी आली. आत फॉर्मलिन होतं आणि तळाशी काळपट पडून आक्रसलेल्या अळ्या. ऊतींच्या तपासणीसाठी जे द्रावण टेबलावर असतं तेच कुणीतरी सद्हेतूने ओतलं होतं. अळ्या देहाच्या कुठल्या भागावरच्या, किती वाजता काढल्या, तेव्हा हवा कशी होती, यांपैकी एकही नोंद सोबत नव्हती. फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो आणि थंड द्रावणात जिवंत टाकलेली अळी आक्रसते, त्यामुळे लांबीवरून वय काढायची वाटही बंद होते. योग्य रीत फार सोपी आहे. जवळजवळ उकळत्या पाण्यात अळी काही सेकंद बुडवायची, म्हणजे ती ताठ आणि पांढरी राहते. मग ७० ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि कुपी थंड जागी. शक्य असेल तिथे निम्म्या अळ्या जिवंत ठेवाव्यात. ज्या डॉक्टरांनी ती बरणी पाठवली त्यांना मी मनापासून मानतो. त्यांनी निदान काहीतरी जपलं. त्यांच्या हाती एका पानाची सूचना असती, तर त्या माणसाच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला काहीतरी सांगता आलं असतं.

सूचनेत एक गोष्ट ठळक असावी. पूर्ण वाढलेली अळी सहसा मृतदेह सोडून जाते. कोरडी जागा शोधत काही मीटर सरपटते आणि मातीत, पाचोळ्याखाली, घरात असेल तर गादीखाली किंवा फरशीच्या भेगेत कोष करते. म्हणजे सर्वांत आधी आलेल्या माश्यांची पिढी शवविच्छेदनाच्या टेबलावर पुष्कळदा पोहोचतच नाही. देह उचलून गाडीत घातला की तो पुरावा मागे मातीत राहतो. म्हणून वेचण्याचं काम जागेवर, देह हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर खालच्या मातीतही झालं पाहिजे. रिकाम्या कोषाच्या टरफलातूनही पुष्कळदा डीएनएचे लहान तुकडे मिळतात. ते कुणी उचलले मात्र पाहिजेत.

जात नेमकी कळल्यावर वेळेपलीकडचंही बरंच काही कळतं. जर्मनीत मार्क बेनेके आणि रुडिगर लेसिग यांनी २००१ साली एका बालकाच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर होत्या त्या मृतदेहांवर येणाऱ्या निळ्या माशीच्या अळ्या, आणि त्यांच्यावरून मृत्यू ६ ते ८ दिवसांपूर्वीचा ठरला. लंगोटाखालच्या अळ्या मात्र वेगळ्या जातींच्या, मलमूत्राकडे ओढल्या जाणाऱ्या माश्यांच्या होत्या. त्यांचा काळ त्याहून मागे जात होता. मूल मरण्याआधी कित्येक दिवस त्याला कुणी स्वच्छ केलेलं नव्हतं, हे त्या अळ्यांनी सांगितलं. दोन्हीकडच्या अळ्या ‘किडे’ म्हणून एकाच बरणीत गेल्या असत्या, तर त्या मुलाचे हाल कुणाला कळलेच नसते. दारं लावून एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे मृत्यू आपल्या शहरांतही होत आहेत. त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहणार आहे.

दुसरं उदाहरण हवाईचं, आणि ते आपल्या काळजाला भिडायला हवं. १९८९ साली गुणतिलके आणि ली गॉफ यांनी एका कुजलेल्या मृतदेहावरच्या अळ्यांमध्ये मॅलाथिऑन हे कीटकनाशक शोधून काढलं. त्या अळ्या क्रायसोमाया मेगासेफाला आणि क्रायसोमाया रुफिफेसिस या दोन जातींच्या होत्या, म्हणजे आपल्या बांधावर असतात त्याच. कीटकनाशक पिऊन जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या या राज्यात, व्हिसेरा राखण्याजोगा उरलेला नसेल तेव्हा विषाचा माग अळीत लागू शकतो, ही गोष्ट प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला ठाऊक असायला हवी. अशा शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारी मदत त्या एका निष्कर्षावर अडलेली असू शकते. मेक्सिकोत तर जळालेल्या, ओळख न पटणाऱ्या देहावरच्या अळ्यांच्या पोटातून माणसाचा डीएनए काढून मृताची ओळख पटवली गेली. तो वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आता या पद्धतीच्या मर्यादा. त्या मी सांगितल्या नाहीत, तर उद्या न्यायालयात बचाव पक्षाचे वकील सांगतील आणि ते त्यांचं कर्तव्यच आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. ल्युसिलिया सेरिकाटा आणि ल्युसिलिया क्युप्रिना या जवळच्या जातींत संकर झालेला असला, तर एकटं सीओआय फसवू शकतं. युरोपातल्या ल्युसिलिया सीझर आणि इलस्ट्रिस या जोडीत ते भेदच करू शकत नाही. म्हणून केंद्रकातलं आणखी एक जनुक सोबत तपासायला हवं. जगाच्या खुल्या डीएनए साठ्यांत चुकीच्या नावाने जमा झालेले क्रमही आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नाव कळलं की वेळ आपोआप कळत नाही. अळ्यांचा मोठा घोळका स्वतःच उष्णता निर्माण करतो. पाऊस, बंद दार, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह यांमुळे माशी उशिरा पोहोचते. अळीवरून निघतो तो कमीत कमी काळ, आणि अहवालात तो तसाच लिहिला पाहिजे. घटनास्थळी काही दिवस तापमापक ठेवून तिथल्या नोंदी हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राशी ताडून पाहायला हव्यात.

म्हणूनच आपल्याला आपला स्वतःचा नमुनासंग्रह हवा. कोकणपट्टी, घाटमाथा, देश, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ इथून उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत माश्या पकडाव्यात. जाणकाराने त्या डोळ्यांनी ओळखाव्यात, त्यांचा डीएनए वाचावा आणि माशी टाचणीला लावून कायमची जपावी, म्हणजे शंका आली तर पुन्हा बघता येईल. इथल्याच माश्या इथल्या तापमानांत वाढवून त्यांच्या वाढीची कोष्टकंही तयार करावीत. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी पंजाबातल्या सशांच्या मृतदेहांवर कीटक कोणत्या क्रमाने येतात याचा अभ्यास २००३ मध्येच प्रसिद्ध केला. तसं काम आपल्या हवामानासाठी व्हायला हवं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, मुंबईत कलिन्याला राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. ही माणसं एका टेबलाशी बसवणं हे तुमच्याच हातात आहे.

आणखी दोन अडचणी कागदावरच्या आहेत, पण त्यांच्यापायी सगळं अडेल. शुद्ध अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीशिवाय मिळत नाही. ग्रामीण रुग्णालयाने आणि पोलीस ठाण्याने पन्नास मिलिलिटरसाठी अर्ज करत बसावं हे होणार नाही. भरलेल्या, सीलबंद कुप्यांचा संच, सोबत चिमटा, पेन्सिलीने लिहायच्या चिठ्ठ्या आणि नोंदीचं एक पान हे सगळं प्रयोगशाळेकडूनच आलं पाहिजे, व्हिसेऱ्याच्या बरण्यांइतक्या सहजपणे. फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनमध्ये तर ते असलंच पाहिजे. दुसरी अडचण साक्षीची. संहितेच्या कलम ३२९ मध्ये ज्या शासकीय तज्ज्ञांचे अहवाल पुरावा म्हणून वापरता येतात त्यांची यादी आहे. त्यात राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक आणि सहायक संचालक येतात. महाविद्यालयातला माश्यांचा अभ्यासक येत नाही. राज्य शासन अधिसूचना काढून इतर वैज्ञानिक तज्ज्ञांना त्यात घेऊ शकतं. प्रयोगशाळेत कीटकतज्ज्ञाचं पद निर्माण होईपर्यंत निदान तेवढं करा.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम करा असं मी म्हणत नाही. एक कोकणातला, एक मराठवाड्यातला आणि एक विदर्भातला असे तीन जिल्हे घ्या. तिथल्या सर्व अकस्मात मृत्यूंमध्ये, जिथे अळ्या दिसतील तिथे, वर्षभर कुप्या भरू द्या. तपासी अंमलदार, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि शवागृहातले कर्मचारी यांना एका दिवसाचं प्रशिक्षण पुरेल. शवागृहातल्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळू नका. अळ्या पहिल्यांदा त्यांच्याच नजरेस पडतात आणि धुण्याचं कामही त्यांच्याकडेच असतं. या तिन्ही जिल्ह्यांत येऊन शिकवायला मी तयार आहे, त्यासाठी मानधन नको. नमुनासंग्रहासाठी माझ्याकडच्या ओळख पटलेल्या माश्याही मी प्रयोगशाळेच्या स्वाधीन करीन. कोणत्या कार्यालयात आणि कोणाकडे, एवढं कळवावं.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक